घरामागच्या बंद रेल्वेलाइनची जमीन कोणाची?

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसच्या उत्तरेला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा हा प्रश्न आहे. त्यांनी २०२१ मध्ये घर घेतलं. मागच्या अंगणापलीकडे झाडाझुडपांत बुडालेला रेल्वेचा भराव होता, त्यावर गंजलेले रूळ होते. पुढे कोणीतरी येऊन रूळ आणि स्लीपर उचलून नेले. आता काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, त्या भरावावरून सायकल-ट्रेल नेणार आहे. शेजारच्या आजोबांनी आपलं कुंपण भरावाच्या पायथ्यापर्यंत सरकवलंय आणि ते यांनाही सांगतायत, 'रूळ गेले की जमीन आपली. सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकालच आहे.' त्यातच एका लॉ फर्मचं पत्र आलंय: सोबतच्या करारावर सही करा, केंद्र सरकारकडून भरपाई मिळवून देतो, आधी एक डॉलरही द्यायचा नाही. तर जमीन आमची का, कुंपण घालू का, सही करू का?

मी इंडियानात जमिनीच्या मालकीचे खटले चालवते आणि त्यात रेल्वेच्या जुन्या पट्ट्यांची प्रकरणं बरीच असतात. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून ठाम हो-नाही सांगत नाही. पण कोणत्या कागदावर काय ठरतं ते सांगता येईल. तुम्ही मालकीबद्दल विचारलंय, ते बरोबरच आहे. मात्र तुमच्या हातात काही पडणार की नाही, हे बहुधा एका नोटिशीच्या तारखेवर ठरेल, आणि ती तारीख तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. पत्र पाठवणाऱ्या फर्मला ती नक्की माहीत असणार.

आधी मालकी. आपल्याकडे भारतात रेल्वेसाठी जमीन गेली की गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १६ प्रमाणे कलेक्टरने ताबा घेतला की जमीन सगळ्या बोजांतून मोकळी होऊन पूर्णपणे सरकारकडे जायची. त्यामुळे लाइन बंद पडल्यावर जमीन मूळ शेतकऱ्याच्या वारसाकडे आपोआप यावी ही कल्पनाच आपल्याला नवखी वाटते. अमेरिकेत रूळ टाकले खासगी कंपन्यांनी. त्यांनी काही जमीन रोख विकत घेतली, काही शेतकऱ्यांनी 'गाडी गावाला येतेय' म्हणून जवळजवळ फुकट दिली, आणि जिथे कोणी अडलं तिथे कंपनीने राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन सक्तीने घेतली. या तीन वाटांनी कंपनीकडे सारखाच हक्क आला नाही. कुठे जमिनीची पूर्ण मालकी आली, ज्याला इथे फी सिंपल म्हणतात. कुठे फक्त त्यावरून गाडी नेण्याचा हक्क आला, म्हणजे ईझमेंट. दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वहिवाटीची वाट जशी असते तसं हे. वाट तुमची, पण बांधापासून बांधापर्यंत माती त्याचीच. आणि ज्या कामासाठी वाट दिली ते काम कायमचं थांबलं की वाटेचा हक्क विरतो, माती जिथे होती तिथेच असते.

म्हणून पहिला कागद म्हणजे तुमच्या पट्ट्याचं मूळ डीड, जमीन किंवा हक्क देण्याचा दस्त. इंडियानातल्या बऱ्याच लाइन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत, त्यामुळे हे डीड हाताने लिहिलेलं, काउंटी रेकॉर्डरच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, जाड वहीत उतरवून घेतलेलं असतं. अक्षर वळणदार, शाई फिकी, आणि सगळं महत्त्व एका वाक्यात. एका डीडमध्ये लिहिलेलं असतं की अमुक शेतकरी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पन्नास फूट रुंदीचा 'जमिनीचा पट्टा' कंपनीला देतो आणि त्याची हमी घेतो. पुढे कशासाठी याचा शब्दही नाही. त्याच लाइनवर अर्ध्या मैलावरच्या डीडमध्ये शेतकरी 'रेल्वे बांधण्यासाठी व चालवण्यासाठी मार्गाचा हक्क' देतो, मोबदला एक डॉलर, आणि खाली अट घालतो की जनावरं पलीकडे नेण्यासाठी भरावाखालून वाट ठेवावी. इंडियानाच्या कोर्टांची वर्षानुवर्षांची रीत अशी: काम न सांगता जमिनीचा तुकडा दिला असेल तर पूर्ण मालकी गेली, आणि 'हक्क' दिला असेल तर ईझमेंट. इंडियाना सुप्रीम कोर्टाचा १९६४ चा रॉस विरुद्ध लेगलर निकाल याबाबत आजही सांगितला जातो. रेल्वेमार्गासाठी लांबलचक पट्ट्यांची पूर्ण मालकी कंपन्यांना गेली असं मानणं लोकहिताचं नाही, असा त्या निकालाचा कल आहे. त्यामुळे मथळा, मोबदल्याची रक्कम, 'रेल्वेच्या कामासाठी' असे शब्द हे सगळं एकत्र वाचलं जातं आणि संशयाचा फायदा बहुधा देणाऱ्याच्या, म्हणजे आजच्या शेजारी-मालकाच्या बाजूला झुकतो. सक्तीने घेतलेल्या तुकड्यांत सहसा ईझमेंटच निघतं.

यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात. लाइन एक असली तरी ती डीडांच्या गोधडीने बनलेली असते. तुमच्या मागच्या तीनशे फुटांत रेल्वेकडे ईझमेंट असेल आणि आजोबांच्या मागे पूर्ण मालकी, असं अगदी शक्य आहे. आजोबांचं प्रकरण जिंकलं किंवा हरलं, त्यावरून तुमचं काही ठरत नाही.

हे डीड शोधायचं कसं? रेकॉर्डरच्या कार्यालयात देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या नावांची सूची असते, पण तुम्हाला शेतकऱ्याचं नाव माहीत नसतं आणि रेल्वे कंपनीचं नावही तेव्हापासून चार-पाच वेळा बदललेलं असतं. माझा नेहमीचा रस्ता व्हॅल्युएशन मॅपचा. १९१३ च्या कायद्याने केंद्र सरकारने सगळ्या रेल्वे कंपन्यांकडून मालमत्तेचे नकाशे आणि याद्या करून घेतल्या. आमच्या कामात त्याला 'व्हॅल मॅप' म्हणतात. या नकाशावर लाइनचा प्रत्येक तुकडा क्रमांकासह दाखवलेला असतो आणि सोबतच्या तक्त्यात कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या दस्ताने घेतला आणि तो रेकॉर्डरच्या कोणत्या वहीत कोणत्या पानावर आहे ते असतं. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये या मूल्यांकनाचं दप्तर आहे, आणि पुष्कळदा ज्या कंपनीने लाइन सोडली तिच्याकडेही प्रत मिळते. वही-पान हाती आलं की रेकॉर्डरच्या खिडकीवर काम पाच मिनिटांचं. काउंटीच्या ऑनलाइन जीआयएस नकाशावर मात्र विसंबू नका. तिथे पट्टा रेल्वेच्या नावाने दाखवलेला असला किंवा पूर्ण कोरा असला तरी तो मालकीचा पुरावा नव्हे. ती कर-आकारणीची सोय आहे.

आता २०१४ चा निकाल. आजोबा म्हणतायत तो ब्रँट विरुद्ध युनायटेड स्टेट्स, १० मार्च २०१४, आठ विरुद्ध एक. निकाल खरा आहे आणि महत्त्वाचाही, पण तो वायोमिंगच्या जमिनीचा आहे. १८७५ च्या कायद्याने केंद्र सरकार पश्चिमेकडच्या सरकारी जमिनीतून रेल्वेला मार्ग देत असे. तसा २०० फूट रुंद मार्ग १९०८ मध्ये एका कंपनीला मिळाला. पुढे १९७६ मध्ये तिथलीच ८३ एकर जमीन सरकारने ब्रँट कुटुंबाला दिली, रेल्वेचा मार्ग राखून. २००४ मध्ये लाइन रीतसर सोडली गेली तेव्हा सरकार म्हणालं मार्गाची जमीन आमच्याकडे परत आली. कोर्ट म्हणालं, रेल्वेकडे नुसतं ईझमेंट होतं, ते संपलं, जमीन कुटुंबाची मोकळी झाली. न्यायमूर्ती सोटोमायर यांचं एकटं विरोधी मत होतं. हा निकाल सरकारी देणगीच्या मार्गांना लागतो. इंडियानातली तुमची लाइन खासगी शेतकऱ्यांच्या डीडांवर उभी आहे, तिला राज्याचा कायदा लागतो. त्याहून मोठा फरक असा की ब्रँटमध्ये लाइन कायद्याने सोडली गेली होती याबद्दल वाद नव्हता. तुमच्याकडे नेमका तोच प्रश्न उघडा आहे.

इथे दुसरा कागद येतो. रूळ उखडले म्हणजे रेल्वेने मार्ग सोडला, असं आपण समजतो. कायदा तसं समजत नाही. आंतरराज्य जाळ्यातली लाइन सोडायला केंद्राच्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाची, म्हणजे एसटीबीची परवानगी लागते. १९९६ पूर्वी हे काम आयसीसी, म्हणजे इंटरस्टेट कॉमर्स कमिशन, करायची. ही परवानगी म्हणजे सोडण्याची मुभा, सोडणं नव्हे. मुभा मिळाल्यावर कंपनीने 'आम्ही सोडलं' अशी अंतिम सूचना साधारणपणे एका वर्षात बोर्डाला द्यावी लागते, नाहीतर मुभाच जाते. तोपर्यंत ती लाइन केंद्राच्या अखत्यारीत असते आणि राज्याच्या कोर्टाला तिथे फारसं काही करता येत नाही.

आणि मधल्या या काळात तिसरा कोणी पुढे येऊ शकतो. विसाव्या शतकात रेल्वेचं जाळं आकसत गेलं. १९१६ मध्ये ते जवळपास २,५४,००० मैलांचं होतं. मग ट्रक आले, महामार्ग आले, १९७० मध्ये पेन सेंट्रल ही बडी रेल्वे कंपनी दिवाळखोर झाली, १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर कंपन्यांना तोट्यातल्या लाइनमधून अंग काढून घेणं सोपं झालं. एकदा तुकडे झाले की पुन्हा सलग मार्ग जोडणं अशक्य, ही काळजी वॉशिंग्टनला लागली. म्हणून १९८३ मध्ये नॅशनल ट्रेल्स सिस्टिम कायद्यात रेलबँकिंगची तरतूद घातली. शहर, काउंटी किंवा एखादी संस्था त्या मार्गाची देखभाल, कर आणि दायित्व घ्यायला तयार असेल आणि रेल्वेची तयारी असेल, तर मार्ग पुढे कधीतरी गाड्यांसाठी लागेल म्हणून राखून ठेवायचा आणि तोवर त्यावर ट्रेल चालवायचा. अशा मार्गाला कायद्याने 'सोडलेला' मानायचं नाही. राज्याचा कायदा काहीही म्हणो.

त्यासाठी बोर्ड एक नोटीस काढतं: नोटीस ऑफ इंटरिम ट्रेल यूज. आमच्यात तिला 'निटू' म्हणतात. नोटीस निघाली की दोन्ही पक्षांना वाटाघाटीला वेळ मिळतो. पूर्वी १८० दिवस असायचे, २०२० पासून एक वर्ष असतं आणि वाढवून घेता येतं. या काळात रेल्वेला रूळ-स्लीपर उचलून नेण्याची मोकळीक असते, फक्त मार्ग, पूल आणि भराव राहायला हवेत. तुमच्याकडे रूळ गेले पण भराव तसाच आहे आणि पाठोपाठ काउंटीचा ट्रेल आला, हे वर्णन निटूशी तंतोतंत जुळतं. तरीही गृहीत धरू नका. काउंटीने पूर्ण मालकीचे तुकडे रेल्वेकडून सरळ विकत घेतलेले असू शकतात, तिथे तुमचा काही हक्क नाही. किंवा लाइन खरोखरच रीतसर सोडली गेली असेल, अंतिम सूचना दिलेली असेल आणि मूळ हक्क ईझमेंटचा असेल. मग मार्ग विझला, आणि काउंटीला ट्रेलसाठी तुमच्याकडून जागा विकत घ्यावी लागेल किंवा रीतसर संपादन करावं लागेल. या एकाच स्थितीत तुम्ही काउंटीला थांबवू शकता किंवा किमतीवर बोलू शकता.

हे तपासायला एसटीबीच्या वेबसाइटवर लाइनचं किंवा काउंटीचं नाव घालून शोधा. लाइन सोडण्याच्या प्रकरणांचे क्रमांक 'एबी' या अक्षरांनी सुरू होतात. आत अर्ज, ट्रेलसाठी आलेली विनंती, बोर्डाचा निर्णय आणि असेल तर अंतिम सूचना असं सगळं तारखेनिशी मिळतं. तुम्हाला टपालाने काही आलं नाही याचा राग साहजिक आहे. बहुतेकांना येत नाही. बाजूच्या प्रत्येक घरमालकाला कळवण्याची पद्धत नाही, फेडरल रजिस्टर हे केंद्राचं राजपत्र आणि स्थानिक वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात यावर भागवलं जातं. माझ्या मते या कायद्यातला हा सगळ्यांत अन्यायकारक भाग आहे, कारण घड्याळ तिथूनच चालू होतं.

घड्याळाकडे यायच्या आधी भरपाई कुठून येते ते. व्हरमाँटमध्ये, बर्लिंग्टन शहरात, एका दांपत्याच्या जमिनीतून जुनी लाइन जात होती. १९७५ मध्ये रूळ निघाले होते, पण मार्ग शहराला ट्रेलसाठी दिला गेला. प्रेसो विरुद्ध आयसीसी या खटल्यात १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की ट्रेलचा कायदा वैध आहे, तो अडवता येणार नाही, पण त्याने कोणाची मालमत्ता गेली असेल तर घटनेच्या पाचव्या दुरुस्तीप्रमाणे मोबदला मागता येईल. मग १९९६ मध्ये फेडरल सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाच्या पूर्ण पीठाने त्या दांपत्याच्या बाजूने निकाल दिला: रेल्वेचं ईझमेंट गाड्यांसाठी होतं, सायकली आणि फिरायला येणाऱ्यांसाठी नव्हतं. त्या दिवसापासून या प्रकरणांचं रूप ठरून गेलं. ट्रेल होतो, आणि वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये पैशाचा दावा चालतो. दावा केंद्र सरकारवर असतो, काउंटीवर नाही. काउंटीच्या बैठकीत जाऊन पार्क विभागाच्या माणसावर चिडून काही उपयोग नाही, तो पैसे देणारा पक्षच नाही.

इंडियानाच्या लोकांचं एक काम २०१२ मध्ये सोपं झालं. फेडरल कोर्टाने इथल्या सुप्रीम कोर्टाला विचारलं की रेल्वेच्या ईझमेंटमध्ये ट्रेल आणि रेलबँकिंग बसतं का? हॉवर्ड विरुद्ध युनायटेड स्टेट्स प्रकरणात उत्तर आलं, नाही बसत. त्यामुळे तुमच्या डीडमध्ये ईझमेंट निघालं तर पुढची निम्मी लढाई झालेली आहे. उरतो तो हिशेब, आणि तारीख.

दावा लावायची मुदत सहा वर्षं. कधीपासून? ट्रेलवर डांबर पडल्यापासून नाही, काउंटीने करार केल्यापासूनही नाही. २००४ च्या कॉल्डवेल आणि २००६ च्या बार्कले या निकालांनी ठरवलं की पहिली निटू निघाली त्या दिवशी मालमत्ता घेतली गेली. मुदतवाढीच्या नंतरच्या आदेशांनी घड्याळ नव्याने सुरू होत नाही. २०१० च्या लॅड निकालात तर ट्रेल झालाच नाही तरी तात्पुरत्या हिरावणीचा मोबदला मिळू शकतो असं म्हटलं, अर्थात नोटीस नसती तर रेल्वेने त्या काळात लाइन सोडली असती का, हे नंतरच्या प्रकरणांत बारकाईने पाहिलं गेलंय.

आणि हा दावा जमिनीबरोबर फिरत नाही. निटूच्या दिवशी जो मालक होता त्याचा तो. तुम्ही २०२१ मध्ये घर घेतलं. निटू त्याआधी निघाली असेल तर दावा विकणाऱ्याचा, तुमचा नाही. तो आता ॲरिझोनात निवृत्त होऊन बसलेला असला आणि त्याला याची गंधवार्ता नसली तरी. निटू तुमच्या क्लोजिंगनंतरची, म्हणजे घराची खरेदी पूर्ण झाल्यानंतरची, असेल तर दावा तुमचा. म्हणून सगळ्यात आधी क्लोजिंगच्या फाइलमधली तारीख आणि बोर्डाच्या निर्णयाची तारीख शेजारी-शेजारी मांडा. लॉ फर्म्स बहुधा आजच्या मालकांच्या यादीवरून सरसकट पत्रं पाठवतात. पत्र आलं म्हणजे तुम्ही पात्र आहात असं नाही.

तिसरा कागद तुमचंच डीड आणि सबडिव्हिजनचा प्लॅट, म्हणजे वसाहतीतल्या प्लॉटांचा नोंदवलेला नकाशा. ईझमेंट संपल्यावर खालची माती कोणाची? इंडियानासह बहुतेक राज्यांत गृहीत असं की शेजारची जमीन मध्यरेषेपर्यंत जाते, अलीकडे तुमची, पलीकडे समोरच्याची. मग तुमच्या डीडमध्ये रेल्वेपट्ट्याचा उल्लेख नसला तरी चालतं. पण हे गृहीतक खोडता येतं. विकासकाने शेताचे प्लॉट पाडताना पट्टा स्वतःकडे राखला असेल, किंवा मागचा तुकडा होमओनर्स असोसिएशनच्या (घरमालकांच्या संघाच्या) नावे दिला असेल, तर तुमचा लॉट पट्ट्याच्या कडेलाच संपतो. नुसत्या मोजमापांवरून सरकारी वकील 'लॉट इथे संपतो' असा मुद्दा हमखास काढतात. २०२० मध्ये फ्लोरिडाच्या एका प्रकरणात, कॅस्टिलो नावाच्या, फेडरल सर्किटने तो मुद्दा मानला नाही आणि प्लॅटवरच्या लॉटमालकांना मध्यरेषेचं गृहीतक लावलं. तो फ्लोरिडाचा कायदा होता, पण युक्तिवाद इंडियानातही कामाला येतो. सोबत तुमच्या टायटल पॉलिसीतला, म्हणजे मालकीहक्काच्या विम्यातला, शेड्यूल बी हा अपवादांचा भाग वाचा. तिथे 'रेल्वेचे हक्क' असा अपवाद नोंदलेला असेल तर टायटल कंपनी या वादात तुमच्या मागे उभी राहणार नाही.

पैसे किती, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. हिशेब असा: तुमची मालमत्ता त्या ईझमेंटशिवाय किती किमतीची असती, आणि ट्रेलच्या ईझमेंटसह किती किमतीची आहे, यातला फरक. पट्टा निर्मळ, सपाट अंगण धरून पहिला आकडा काढायचा मोह सगळ्यांना होतो. २०१५ च्या रॅस्मुसन निकालाने त्याला चाप लावला. रेल्वेने मागे ठेवलेला भराव, खडी, दगड हे तिथे होतेच, ते काढायला खर्च आला असता, तो मूल्यांकनात धरा, असं कोर्ट म्हणालं. तुमच्याकडे उंच भराव आहे, म्हणजे हा मुद्दा तुमच्या विरुद्ध जाईल. सरकारकडून ट्रेलमुळे घराची किंमत वाढते असाही मुद्दा येतो. इंडियानापोलिसजवळच्या कार्मेलमध्ये जुन्या रेल्वेमार्गावर झालेल्या मोनॉन ट्रेलच्या आसपासच्या घरांच्या जाहिराती वाचल्यात तर त्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. दुसरीकडे खिडकीसमोरून दिवसभर माणसं जाणं, खासगीपणा जाणं, पट्ट्याच्या पलीकडच्या जमिनीशी संबंध तुटणं हे तुमच्या बाजूचे मुद्दे. जिंकल्यास घेतल्याच्या तारखेपासून व्याज मिळतं, आणि वाजवी वकील-फी व खर्चही सरकारकडून वेगळा मिळतो.

ही शेवटची गोष्ट करारावर सही करताना लक्षात ठेवा. टक्केवारीवर काम करणाऱ्या फर्मचा करार मी वाईट म्हणत नाही. एकट्या घरमालकाला हा दावा परवडतच नाही, मूल्यांककाचा खर्चच डोईजड होतो, आणि शंभर शेजारी एकत्र आले तर तो वाटला जातो. पण फर्मला विचारा: निटू कोणत्या तारखेची आणि माझी मालकी त्या दिवशी होती का, हे तुम्ही तपासलंय का? माझ्या तुकड्याचं मूळ डीड तुम्ही वाचलंय का, आणि त्याची प्रत देता का? सरकारकडून फी मिळाली तर माझ्या रकमेतली टक्केवारी कमी होते की दोन्हीकडून घेणार? मी मधेच बाहेर पडलो तर खर्च कोणाच्या माथी? चांगली फर्म यांची उत्तरं लेखी देते. जी 'मुदत संपतेय, आजच सही करा' एवढंच म्हणते तिला तारीख विचारा, कारण मुदत खरंच संपत असेल तर ती तारीख सांगायला तिला काहीच अडचण नसावी.

कुंपण घालू नका. निटू चालू असेल तर तो मार्ग केंद्राच्या देखरेखीखालचा आहे, ईझमेंट असलं तरी तुम्ही त्यात अडथळा करू शकत नाही, आणि काउंटी ते काढायला लावेल तो खर्च तुमचा. आजोबांची मूळ भिस्त वेगळीच दिसते: 'मी इतकी वर्षं गवत कापतोय, जागा माझी झाली.' इंडियानात दहा वर्षांच्या उघड ताब्याबरोबर त्या जागेचा करही भरलेला किंवा प्रामाणिकपणे भरतोय असं समजलेलं असावं लागतं. आणि रेल्वेलाइन बोर्डाच्या अखत्यारीत आहे तोवर ताब्याच्या जोरावर ती मिळवायचा दावा साधारणपणे टिकत नाही. आजोबांना हे तोंडावर सांगायची गरज नाही, पण तुमच्या मोजणीच्या खुणा त्यांच्या कुंपणामागे हरवल्या नाहीत ना, ते एकदा सर्व्हेयरकडून पाहून घ्या. मध्यरेषेचं गृहीतक लावायची वेळ आली तर बाजूची सीमा कुठल्या कोनाने भरावाकडे वाढवायची यावरच शेजाऱ्यांत भांडणं होतात, निदान मी पाहिलेली अर्धी तरी तशीच होती.

अजून एक. एक-दोन वर्षांत घर विकायचा विचार असेल आणि दावा तुमचा निघाला, तर घर विकल्याने तो जात नाही, तुमच्याकडेच राहतो. मात्र खरेदी-करारात तसं एक वाक्य घाला आणि खरेदीदाराला ट्रेलबद्दल लेखी सांगा. नाहीतर उद्या त्यालाही असंच पत्र येईल आणि तो तुमच्याकडे येईल.